उजव्या बाजूचे दोन फूट

आमच्या धंद्यात डोक्यांना मापं असतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी बहुतेक शिवणकाम शिकले असते. वरच्या साहेबांचं डोकं केवढं, त्यांच्या खालच्या भाऊंचं केवढं आणि ज्यांनी फ्लेक्सची ऑर्डर दिली त्यांचं केवढं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण एखादं डोकं बोटभर लहान झालं की माणूस दुकानात येऊन टेबल बडवतो. एकदा एका तालुक्याच्या पुढाऱ्यानं स्क्रीनवर चक्क वीत लावून स्वतःचा आणि शेजारच्याचा चेहरा मोजला होता. मी हसले, तर दुकानाचे मालक माझ्याकडे असे बघायला लागले की मी पुढचं हसू गिळून टाकलं.

आता सांगते त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. लग्नाला दोन वर्षं झालेली होती आणि मी जळगावच्या एका फ्लेक्सच्या दुकानात नुकतीच लागले होते. सासर धरणगावच्या अलीकडचं, कापसाचं गाव. सकाळी एसटीनं जळगावला जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. दुकानात पुढे दोन कॉम्प्युटर होते आणि मागच्या खोलीत छपाईचं मशीन. शाईचा वास इतका की परतीच्या बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावायची. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणायचे. माणूस तुसडा होता, पण शिकवायला कंजूष नव्हता.

शिकायलाही खूप होतं. धरणगावात मी तीन महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला होता, त्यात लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं केली होती. हातात मावतं ते काम वेगळं आणि रस्त्याच्या पलीकडून दिसायचं ते काम वेगळं, हे तिथं कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर लख्ख दिसणारा फोटो दोन फुटांचा केला की फुटतो, नाकाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. अक्षरांचं चित्रात रूपांतर करून ठेवलं नाही तर मशीनच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी डबे उमटतात. स्क्रीनवरचा निळा छापून आल्यावर जांभळा होतो. पहिल्याच आठवड्यात सावद्याच्या एका रोपवाटिकेचं बॅनर मी केलं, केळीच्या बागेवर छान निळं आभाळ टाकलं, आणि ते आलं जांभळंगर्द. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, असं आभाळ आमच्याकडे वादळाच्या आधी येतं. आमची केळी आडवी पाडता का?" भाऊंनी ते बॅनर पुन्हा छापलं आणि मला दिवसभर एक शब्दही बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सगळ्यात जास्त बोलणी मी कडेवरून खाल्ली. नवशिक्या माणसाला कड दिसतच नाही. त्याला वाटतं, बारा बाय आठची फाईल म्हणजे बारा बाय आठचं चित्र. पण कापडाच्या कडा दुमडतात, तिथं रिंगा बसतात, लाकडी फ्रेमवर लावायचं असेल तर कापड ओढून मागे नेऊन खिळे मारतात. म्हणजे कडेला जे असेल ते गेलंच समजायचं. भाऊंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फ्रेम मोजल्याशिवाय फाईल उघडायची नाही." दिवसातून दोनदा तरी ते मला ऐकवायचे. मी मान डोलवायचे.

आणखी एक गोष्ट मी तिथं शिकले, ती मात्र कोणी शिकवली नाही. दिवसभर माझ्या हातून तीस-चाळीस चेहरे जायचे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, हार्दिक अभिनंदन. सगळे पुरुष. मिशा नीट करा, पोट आत घ्या, थोडं गोरं करा. बाईचा फोटो आला की मी न विचारताच मागे हार टाकायला घ्यायचे, कारण तो श्रद्धांजलीचाच असायचा. आमच्याकडे बाईला मोठं छापून घ्यायचं असेल तर तिला आधी मरावं लागतं. हे मी भाऊंना एकदा म्हणूनही दाखवलं. ते म्हणाले, "तू फोटोचं कटिंग नीट कर."

आणि माझ्या घरात तर सरपंच बाई होती. माझ्या सासूबाई. जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा सासऱ्यांनी घरातलं नाव दिलं आणि निवडून आणलं. नाव सासूबाईंचं, बाकी सगळं सासऱ्यांचं. ग्रामपंचायतीतली खुर्ची त्यांची, फोन त्यांचा, गाऱ्हाणी ऐकायला ओट्यावर बसायचे तेही तेच. गाव सासऱ्यांना आबा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का. कागद घरी यायचे, सासूबाई चुलीपुढून उठून हात पुसायच्या, सही करायच्या आणि परत बसायच्या. चौथी शिकलेल्या होत्या, सही मात्र सुरेख होती.

मी जळगावला नोकरी करायची म्हटल्यावर सासरे घरात दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. सून रोज बसनं जाणार, परक्या पुरुषांच्यात बसणार, लोक काय म्हणतील. माझ्या नवऱ्याचं म्हणणं नेहमीसारखं, "आबांना विचारू." तेव्हा सासूबाई बोलल्या. भाकर वाढता वाढता म्हणाल्या, "पोर शिकेल शे. घरमा बठाडीसन काय करनं शे? जाऊ द्या तिले." मी चकित झाले. त्या घरात त्यांनी माझ्यादेखत खर्च केलेला तो पहिला शब्द, आणि तो माझ्यासाठी. सासरे म्हणाले, "जाऊ दे. पन एक बी बोभाटा उना तं घर बसाडी दिसू." मला उद्देशून नव्हेच ते. ते माझ्याशी थेट कधी बोलायचे नाहीत आणि मी त्यांच्यापुढे तोंड उघडायचे नाही, ही रीत होती. पण ते वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं बांधून ठेवलं. रोज बसमध्ये चढताना मला ते आठवायचं.

गावात अंगणवाडीला खोली नव्हती. पोरं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसायची, पाऊस आला की सुट्टी. सासऱ्यांना त्यात रस नव्हता, त्यांचं लक्ष रस्त्याच्या कामावर होतं. खोलीचं काम सासूबाईंनी एकटीनं केलं. सासरे कापूस घेऊन जिनिंगवर गेले की त्या अंगणवाडीच्या बाईंना बरोबर घेऊन धरणगावच्या पंचायत समितीत जायच्या. साहेब जागेवर नसला तर बाकावर बसून राहायच्या. एकदा सकाळी गेल्या त्या संध्याकाळी आल्या, दिवसभर पोटात एक कप चहा. कागद हलला, खोली मंजूर झाली, भिंती चढल्या. मग मात्र सासऱ्यांना रस आला आणि लोकार्पणाचा मोठा कार्यक्रम ठरला. रविवारचा मुहूर्त निघाला आणि बॅनर माझ्या दुकानात करायचं ठरलं. घरचीच सून आहे म्हटल्यावर दुसरीकडे कोण जाणार?

नवऱ्यानं फोनवर फोटोंची यादी पाठवली. वरच्या ओळीत मोठे पुढारी, डावीकडे हात जोडलेले सासरे, खाली सगळे सदस्य. सासूबाईंचं नुसतं नाव होतं, तेही 'सौ.' लावून, सासऱ्यांच्या नावाखाली. मी ती यादी स्वयंपाकघरात वाचून दाखवली. माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, सहज वाचली. सासूबाई ऐकत होत्या. त्या रात्री जेवणाच्या वेळी त्यांनी सासऱ्यांना म्हटलं, "यंदाना बॅनरवर मन्हा फोटू बी टाका."

सासरे हसले. रागाचं नव्हतं ते हसू, त्यांना खरंच गंमत वाटली. "टाक ना मंग," म्हणाले, "कोपरामा कोठे तरी टाकी दे."

सासूबाईंना तेवढं पुरलं. अडचण ही की त्यांचा फोटोच नव्हता. आधारकार्डावरचा होता, त्यात त्या घाबरलेल्या दिसायच्या, आणि आमच्या लग्नातला एक होता, त्यात अर्ध्या तोंडावर पदर. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी धरणगावला एका स्टुडिओत गेलो. त्यांनी पेटीतली जांभळी साडी काढली होती. स्टुडिओवाला म्हणाला, "अक्का, जरा हसा." त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग मी त्याच्या मागे उभी राहून काहीतरी तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा जरा मोकळ्या झाल्या आणि तेवढ्यात त्यानं फोटो काढला. फोटो दाखवून म्हणाला, थोडं गोरं करून देतो. त्या म्हणाल्या, "मी जशी शे तशीच ऱ्हाऊ दे, भाऊ." इतके दिवस दुकानात बसून गोरं करा न म्हणणारं ते पहिलं माणूस मी बघितलं.

मी ते बॅनर जीव ओतून केलं. आता कळतं की जीव ओतणं आणि काम येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासऱ्यांचा फोटो शेतात काढलेला होता, मागे मोकळं आभाळ. त्यांच्या टोपीभोवतीनं मला कटिंग नीट जमेना, कड दातेरी व्हायची. म्हणून मी ते आभाळच ठेवलं, डावीकडे आणखी ताणलं आणि माझा अडाणीपणा त्यात लपवला. त्यामुळे त्यांच्या पाठीमागे जवळपास दोन फूट नुसतं निळं आभाळ झालं. भाऊंनी बघून "मोकळं वाटतं" म्हटलं, मी खूश झाले.

सासूबाईंना कोपरा मिळाला होता, उजवीकडचा खालचा. कोपरा तर कोपरा, मी ठरवलं की तो होता होईल तेवढा मोठा करायचा. बाकीचे चेहरे हलवता येत नव्हते, त्यांची मापं वरून ठरून आलेली. मग मी सासूबाईंना कडेकडे सरकवलं. आणखी थोडं मोठं, आणखी थोडं कडेला. शेवटी त्या बरोब्बर उजव्या कडेला टेकल्या, चांगल्या दोन फूट रुंद, खाली पट्टीत नाव आणि त्याखाली एकच शब्द, सरपंच. 'सौ.' मी काढून टाकलं. एवढं धाडस केल्याचा मला फार अभिमान वाटला. फोनवर दाखवलं तेव्हा सासूबाईंनी दोन बोटांनी चित्र मोठं करून आधी स्वतःला बघितलं, मग एकेक करून सगळं बॅनर बघितलं. डावीकडे आल्यावर म्हणाल्या, "आठे काय शे?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं आभाळ आहे.

आता फ्रेमचं. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक जुनी लाकडी फ्रेम पडलेली असायची, पंचायतीच्या कार्यक्रमाचं प्रत्येक बॅनर तिच्यावरच ठोकायचे. ती मोजायला हवी होती. सासू सरपंच असूनही मी त्या खोलीत कधी पाय ठेवला नव्हता, सुनेनं तिकडे जायचं कामच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बारा-आठच असेल गं, नेहमी तेवढंच असतं." दुकानातल्या जुन्या फायलींत आमच्या गावचं एक बॅनर सापडलं, तेही बारा बाय आठ. ते वाढदिवसाचं होतं आणि दोरीनं बांधायचं होतं, हे मी बघितलं नाही. भाऊंनी छापायच्या आधी विचारलं, "फ्रेम मोजली का?" मी म्हटलं, "हो." एवढा एकच शब्द खोटा बोलले मी.

रविवारी सकाळी अंगणवाडीसमोर मांडव पडला होता. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, माईकवाला हॅलो हॅलो करत होता. मी आणि सासूबाई खोलीच्या दारात होतो. त्यांच्या हातात ओवाळणीचं ताट, अंगावर तीच जांभळी साडी. समोर दहा पावलांवर मांडववाला फ्रेम आडवी टाकून बॅनर ठोकत होता आणि सासरे चार-पाच माणसांबरोबर उभे होते. मांडववाल्याचा हात बसलेला होता. डावी कड ठोकून झाली आणि उजवीकडे येऊन तो थांबला. कापड फ्रेमच्या बाहेर लोंबत होतं. फ्रेम दहा फुटांचीच होती.

"आबा," तो म्हणाला, "दोन फूट जास्ती शे. आते काय करू?"

"दुमडी टाक."

मांडववाल्यानं लोंबणारं कापड हातानं ताणून बघितलं. "आठे अक्का शे ना."

सासऱ्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. पाहुण्यांचा फोन आला होता, ते फाट्यावर पोचले होते. "अक्का तं घरनीच शे," ते म्हणाले. आजूबाजूचे हसले. वाईट हेतूनं कोणी हसलं नाही, बोलणंच तसं सहज होतं.

मला त्या क्षणी एक गोष्ट माहीत होती जी त्या मांडवात आणखी कोणाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. डावीकडे दोन फूट नुसतं आभाळ होतं. डावीकडचे खिळे काढून कापड तिकडून दुमडलं की सगळे बसत होते. साहेब बसत होते, सदस्य बसत होते, सासरे होते तेवढेच मोठे राहत होते आणि सासूबाई पूर्ण दिसत होत्या. आठ-दहा खिळ्यांचं काम. एकच वाक्य बोलायचं होतं, आबा, डावीकडून दुमडा. नाही तर नवऱ्याला हाक मारून त्याच्या कानात सांगायचं होतं, तो तिथेच खुर्च्या पुसत होता.

पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न आलाच असता. बॅनर दोन फूट मोठं झालं कसं? मग माप कोणी दिलं, फ्रेम कोणी मोजली नाही, दुकानात खोटं कोण बोललं. चार माणसांत सुनेची चूक निघाली असती, आणि बोभाटा म्हणतात तो हाच. मी तिथं डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिले आणि मूग गिळून गप्प बसले.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी आधी बॅनरच्या डाव्या कडेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत होत्या. मी नजर खाली घातली. तेवढ्यात हातोडीचा आवाज सुरू झाला.

बॅनर उभं केलं तेव्हा फारच छान दिसलं, हे सांगताना आजही मला लाज वाटते. रंग नेमका आला होता, अक्षरं लांबून वाचता येत होती. उजव्या कडेला जांभळ्या साडीच्या खांद्याची बोटभर पट्टी राहिली होती, ती कशाची आहे हे कोणी विचारलं नाही. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली. आबांच्या पाठपुराव्यामुळे ही वास्तू उभी राहिली, असं तीन जणांनी सांगितलं. सासूबाईंना मंचावर बोलावलं, ते शाल द्यायला. शाल देऊन झाली तशा त्या खाली उतरून बायकांच्यात बसल्या. अंगणवाडीच्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अक्कांचा फोटो टाकणार होते ना?" मी म्हटलं, जागा पुरली नाही.

पाहुण्यांनी जाता जाता बॅनरचं कौतुक केलं आणि सासरे म्हणाले, "आमनी सूननं बनाडेल शे." त्या दिवसापासून माझ्या नोकरीबद्दल घरात कोणी बोललं नाही. उलट आजूबाजूच्या गावांची कामं सासरे स्वतः माझ्याकडे पाठवायला लागले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, त्या दांड्याला पुढे चांगले दिवस येतात हे म्हणीत सांगत नाहीत. पुढच्या वेळी आरक्षण उठलं आणि सासरे स्वतः उभे राहिले. तेव्हा मी नवऱ्याला पाठवून फ्रेम मोजून घेतली, तीन वेळा. सासूबाईंना विचारलं, तुमचा फोटो टाकू का? त्या म्हणाल्या, मी कोन शे आते? आणि शेंगा निवडत राहिल्या. माझं कटिंग आता इतकं साफ आहे की टोपीतून बाहेर आलेला एकेक केस मी सोडवून देते. त्याचा त्यांना काय उपयोग?

लोकार्पणाच्या त्या संध्याकाळचं मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाहुण्यांची भांडी घासून झाली होती. सासूबाई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या, मी बाजूला बसून काड्या सारत होते. जांभळी साडी त्यांनी कधीच बदलली होती. दिवसभरात त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "आई, चूक माझी आहे. फ्रेम मी मोजली नव्हती. आणि डावीकडून दुमडलं असतं तरी चाललं असतं."

"माले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "तू दाखाडं व्हतं ना फोनवर."

मला एकदम राग आला. कोणाचा ते मलाच कळलं नाही, पण निघाला तो त्यांच्यावर. मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही बोलल्या? सरपंच तर तुम्ही आहात. तुमचाच फोटो होता."

त्यांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"मी तुन्ही वाट दखी," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, तू बोलशी. तू बोलती तं मी बी बोलती."

मी म्हटलं, "मीही तुमचीच वाट बघत होते, आई."

त्यांनी ते खरं मानलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला, पिठाचाच, आणि म्हणाल्या, जाऊ दे. पण ते खोटं होतं. मी त्यांची वाट बघत नव्हते. ते दोन फूट मागे दुमडले जात होते तेव्हा मी मनात म्हणत होते की ह्यांनी आता काही बोलू नये, म्हणजे उद्या सोमवारी मला बस धरता येईल.